लेखणीचा फॉर्म

"पूर्वीसारखं लिहीत नाहीत हो आता ते." क्रिकेटवर लिहिणाऱ्या एखाद्या लोकप्रिय मराठी स्तंभलेखकाबद्दल हे वाक्य कधीच कानावर आलं नाही, असा वाचक सापडणं कठीण. भायंदरहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये ते ऐकू येतं, मीरा रोडच्या सोसायटीतल्या बाकड्यावर ऐकू येतं. बोलणारा बहुधा पन्नाशी ओलांडलेला असतो आणि ज्याच्याबद्दल तो बोलतोय त्याचं सदर त्यानं वर्षानुवर्षं न चुकता वाचलेलं असतं. तक्रार आपलेपणातून आलेली असते, म्हणूनच ती झटकून टाकता येत नाही. पण ती खरी असते का?

खेळाडूचा उतार मोजता येतो. सचिन तेंडुलकरचं एक्कावन्नावं आणि शेवटचं कसोटी शतक जानेवारी २०११मध्ये केपटाउनला झालं. तिथून नोव्हेंबर २०१३मध्ये वानखेडेवर निवृत्त होईपर्यंत तो कसोटी खेळत राहिला, पण शतक झालं नाही. वाद घालायला जागाच नाही, आकडे समोर आहेत. स्तंभलेखकाच्या नावासमोर असा कुठलाच धावफलक नसतो. त्याची सरासरी वाचकाच्या आठवणीत असते, आणि आठवण मोठी पक्षपाती. विसाव्या वर्षी वाचलेला लेख तिथे शतकासारखा लखलखत राहतो आणि परवा वाचलेला दुसऱ्या दिवशी विसरला जातो.

या वाचकाची घडण कशी झाली, ते आधी पाहायला हवं. मीरा-भायंदरमध्ये १९८५ साली नगर परिषद आली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. १९९१च्या जनगणनेत इथली वस्ती पावणेदोन लाख होती, २००१मध्ये ती पाच लाख वीस हजार झाली आणि २०११मध्ये आठ लाखांच्या पुढे गेली. या लोंढ्यात गिरगाव, लालबाग, परळ, दादरच्या चाळींतून परवडणाऱ्या जागेसाठी निघालेली मराठी कुटुंबंही होती. त्यांनी शिवाजी पार्क आणि आझाद मैदान मागे सोडलं, पण मैदानाची ओढ सुटली नाही. मैदान लांब गेलं, हातात पेपर उरला. चर्चगेटपर्यंतच्या तासाभराहून जास्त प्रवासात पेपरची चौघडी करून शेवटचं पान आधी वाचायचं, मग ते शेजाऱ्याला द्यायचं, दहिसर येईपर्यंत त्यावर एक वाद घालायचा आणि बोरिवलीला गर्दी चढली की पेपर पिशवीत. क्रिकेटच्या सदराला असा निवांत, सक्तीनं बसलेला आणि तरीही उत्सुक वाचक पुन्हा मिळणं अवघड आहे.

या वाचकाला क्रीडापानाची सवय लावणारे गृहस्थ म्हणजे वि. वि. करमरकर. १९६२मध्ये 'महाराष्ट्र टाइम्स' सुरू झाला आणि करमरकरांनी तिथे खेळाला स्वतःचं पान मिळवून दिलं. त्याआधी मराठी दैनिकांत खेळाच्या बातम्या इतर बातम्यांच्या सांदीकोपऱ्यात बसत. करमरकरांनी कबड्डी, खो-खो, अॅथलेटिक्स यांनाही क्रिकेटच्या पंगतीला बसवलं आणि क्रीडा संघटनांच्या कारभारावर कडक लिहिलं. त्यांचं गद्य नटवं नव्हतं. त्यात माहिती ठासून भरलेली असे आणि तिला मताची धार असे. आज ज्याला आपण मराठी क्रीडा पत्रकारिता म्हणतो, तिचा पाया तिथे आहे. ६ मार्च २०२३ रोजी ते गेले.

मग द्वारकानाथ संझगिरी आले आणि गद्याचा रंगच पालटला.

संझगिरी शिक्षणानं स्थापत्य अभियंता, नोकरी मुंबई महानगरपालिकेत. पालिकेच्या फायली सांभाळणारा हा माणूस क्रिकेटवर असं लिहायचा की वाचणाऱ्याला वाटावं, यानं आयुष्यात दुसरं काही केलंच नसेल. १९८३चा विश्वचषक भारतानं जिंकल्यावर काही मित्रांनी मिळून 'एकच षटकार' हे पाक्षिक काढलं. संदीप पाटील संपादक आणि संझगिरी कार्यकारी संपादक. मराठीत निव्वळ खेळाला वाहिलेलं नियतकालिक चालू शकतं, हे त्या पाक्षिकानं दाखवून दिलं. त्याच सुमारास शिरीष कणेकर क्रिकेट आणि सिनेमा ही दोन वेडं एकाच दमात लिहीत होते. त्यांची खिल्ली, त्यांचे टोमणे, लहानपणच्या नायकांवरचं त्यांचं निस्सीम प्रेम यांनी एक पिढी झपाटली होती. दोघांनीही क्रीडालेखनाला बातमीच्या बाकावरून उठवून ललित लेखनाच्या खुर्चीत बसवलं.

या लेखनाचं मोल कळायचं तर १८ जून १९८३चा दिवस घ्यावा. इंग्लंडमधलं टनब्रिज वेल्स, झिम्बाब्वेविरुद्धचा सामना. भारताचे पाच गडी १७ धावांत बाद झाले होते. तिथून कपिलदेवनं १३८ चेंडूंत नाबाद १७५ धावा काढल्या. १६ चौकार, ६ षटकार. भारत ६० षटकांत ८ बाद २६६ पर्यंत पोहोचला आणि ३१ धावांनी जिंकला. ही खेळी भारतातल्या एकाही प्रेक्षकानं पडद्यावर पाहिली नाही, कारण तिचं चित्रीकरणच उपलब्ध नाही. मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आज ही खेळी उभी आहे ती कुणीतरी ती शब्दांत उभी केली म्हणून. सतरावर पाच असताना ड्रेसिंग रूममध्ये काय चाललं असेल, कपिलची बॅट कशी वर गेली असेल, हे वाचकानं लेखकाच्या डोळ्यांनी पाहिलं. अशा वेळी लेखकानं दोन उपमा जास्त वापरल्या, एखाद्या कव्हर ड्राइव्हला मधुबालाच्या हसण्याच्या शेजारी नेऊन ठेवलं, तर ते खटकत नसे. चित्राच्या जागी चित्रच दिलं जात होतं.

आता उपमेच्या त्याच वाक्याला १९९८च्या एप्रिलमध्ये आणून ठेवा. शारजात २२ तारखेला सचिनच्या १४३ धावा, २४ तारखेला त्याच्या वाढदिवशी १३४. वाळूचं वादळ, कॅस्प्रोविझच्या डोक्यावरून गेलेले षटकार, टोनी ग्रेगचा चढलेला आवाज. भायंदरच्या वन रूम किचनमध्ये अख्खं घर जागं होतं. सकाळी पेपर हाती आला तेव्हा वाचकाला सामना सांगायची गरज उरली नव्हती. प्रत्येक फटका त्यानं तीन-तीन कोनांतून पाहिला होता. उपमेचं काम कॅमेऱ्यानं काढून घेतलं होतं, पण लेखकाच्या हाताची उपमेची सवय काही सुटली नव्हती. वाचकाला जाणवलेल्या घसरणीची सुरुवात बरीचशी इथे आहे. लेखणी तीच होती, फक्त तिच्याकडून वाचकाला आता वेगळं काही हवं होतं. तो फटका तिथेच का बसला, गोलंदाजाचा बेत काय होता आणि तो कुठे फसला, कर्णधारानं क्षेत्ररक्षक का हलवला नाही, हे त्याला वाचायचं होतं. पुष्कळ सदरांत मात्र त्याला पुन्हा एकदा वादळच वाचायला मिळालं.

आणि मग आला 'महाशतका'चा काळ. १२ मार्च २०११ रोजी नागपूरला सचिननं नव्याण्णवावं आंतरराष्ट्रीय शतक केलं. शंभरावं झालं १६ मार्च २०१२ रोजी मीरपूरला, बांगलादेशविरुद्ध, ११४ धावांचं, आणि तो सामना भारत हरला. मधलं अख्खं वर्ष मराठी क्रीडापानानं ही वाट पाहण्यात काढलं. याच वर्षात भारतीय संघ इंग्लंडमध्ये चार कसोटी हरला, मग ऑस्ट्रेलियात चार हरला. द्रविड आणि लक्ष्मण यांची कारकीर्द संपत आली होती, परदेशी खेळपट्ट्यांवर नवी फळी उघडी पडत होती. लिहिण्याजोगं इतकं काही समोर असताना एका आकड्याची आळवणी चालू राहिली. मराठी क्रीडालेखनाचा खरा पडता काळ दाखवायचा झाला तर हे वर्ष दाखवावं लागेल. भक्तीनं लिहिलेला पहिला लेख सुंदर असतो, दहावा सहन होतो, पन्नासाव्यात भक्तीच उरते आणि खेळ गायब होतो. सचिनवर जीव ओवाळणाऱ्या लेखकांनीच सचिनवरचं लेखन पातळ केलं, हे मान्य केलं पाहिजे.

मात्र सगळा दोष लेखकाच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. वर्तमानपत्राच्या कचेरीत काय बदललं, तेही वाचकाला माहीत असावं. आयपीएलची रात्रीची लढत साडेसातला सुरू होते आणि संपेपर्यंत अकरा-साडेअकरा होतात. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती तोवर छपाईला गेलेली असते, शहर आवृत्तीचं पान सोडायचीही घाई असते. निकालाच्या आधीच अर्धा लेख लिहून ठेवायचा, शेवट दोन तयार ठेवायचे आणि जो लागू पडेल तो जोडायचा, अशी ही कसरत. संध्याकाळी जाहिरात आली की लेखातली दोनशे शब्दांची जागा जाते, आणि कात्री चालते ती बहुधा लेखकाच्या सर्वात निवांत परिच्छेदावर, कारण त्यात 'बातमी' नसते. २००८मध्ये आयपीएल सुरू झाली, २०२२पासून तिच्यात ७४ सामने असतात, दोन महिन्यांत. पाच दिवसांच्या कसोटीवर विचार करून एक लेख लिहिणारा माणूस रोज रात्री एक लेख लिहू लागला तर त्याचं वाक्य सैल पडणारच.

त्यातच 'शब्दांकन' आलं. माजी कसोटीवीराचा फोटो, त्याचं ठळक नाव आणि खाली बारीक अक्षरांत शब्दांकन करणाऱ्याचं. कधी तर तेही नाही. फोनवर पाच मिनिटं बोललेलं उपसंपादक पाचशे शब्दांत फुलवतो. खेळाडूच्या नावाला वजन असतं, म्हणून पानावरची मोक्याची जागा त्याला जाते आणि आयुष्यभर मैदानं पालथी घातलेला लेखक कडेच्या चौकटीत सरकतो. वाचक दोघांना एकाच मापानं मोजतो आणि म्हणतो, क्रिकेटवरचं लेखन घसरलं.

हे मराठीतच घडलं असंही नाही. क्रिकेट लेखनाचा आद्यपुरुष मानला जाणारा नेव्हिल कार्डस 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये १९१९पासून क्रिकेटवर लिहू लागला आणि त्यानं क्रिकेटच्या वार्तांकनाला साहित्याचा दर्जा दिला. खेळाडूंच्या तोंडी घातलेली कितीतरी चटकदार वाक्यं त्यानं स्वतः रचलेली होती, हे आता सर्वज्ञात आहे. म्हातारपणी तोच तो कार्डस, तेच ते लँकेशायर आणि यॉर्कशायरचे किस्से पुन्हा पुन्हा सांगत राहिला. तरी त्याची १९२० आणि १९३०च्या दशकांतली पानं आजही वाचली जातात. लेखकाचा उत्तरार्ध त्याच्या पूर्वार्धाला पुसून टाकत नाही, हे इंग्रजी वाचकानं कार्डसच्या बाबतीत मान्य केलं. मराठी वाचकानं तेवढी दिलदारी अजून दाखवलेली नाही.

किस्से पुन्हा सांगण्याचा आरोप संझगिरी आणि कणेकर या दोघांवरही होतो. तो खोटा नाही. दोघंही रंगमंचावर गेले. कणेकरांची 'माझी फिल्लमबाजी' आणि 'फटकेबाजी', संझगिरींचे क्रिकेटवरचे आणि हिंदी गाण्यांवरचे कार्यक्रम यांना गर्दी होत होती. रंगमंचावर किस्सा घोटून घोटून तयार करावा लागतो आणि टाळी कुठे पडते ते बोलणाऱ्याला नेमकं कळतं. तीच लकब कागदावर उतरली की लेख टाळीच्या जागा शोधू लागतो. दोघांच्याही उत्तरकाळातल्या सदरांत हे दिसतं. वाचकानं आधीच ओळखलेला विनोद पुन्हा येतो, आधीच ऐकलेला नायक पुन्हा तीच एन्ट्री घेतो.

पण पुन्हा सांगितलेली प्रत्येक गोष्ट शिळीच असते, असंही नाही. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड ही शालेय स्पर्धा. शारदाश्रम शाळेच्या सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागी केली. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून राहिला, त्याची पाळी आलीच नाही. त्याचं नाव अमोल मुझुमदार. ही गोष्ट मराठी क्रीडापानांनी पस्तीस वर्षं इतक्या वेळा सांगितली की ती पाठ झाली. मुझुमदारनं रणजी पदार्पणात २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा आणि ३० शतकं काढली, तरी भारताची टोपी मिळाली नाही, हेही पाठ झालं. आणि मग २ नोव्हेंबर २०२५ची रात्र आली. नव्या मुंबईतल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षक तोच पॅड बांधून बसलेला मुलगा होता. त्या रात्री ज्यांचा ऊर भरून आला, त्यांना हा माणूस माहीत होता तो त्या पाठ झालेल्या गोष्टीमुळे. स्तंभलेखकांनी ती जपून ठेवली नसती, तर मुझुमदारचं नाव आकड्यांच्या वहीत पडून राहिलं असतं. त्या रात्रीवर लेख लिहायला संझगिरी हवे होते. पण ६ फेब्रुवारी २०२५ रोजी, वयाच्या ७४व्या वर्षी, ते गेले होते. कणेकर त्याआधीच, २५ जुलै २०२३ रोजी.

मग कौल काय द्यायचा? संझगिरींच्या सामन्यांवरच्या लेखनाला उतार लागला होता, हे त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यानंही मान्य करावं. १९८०च्या दशकातल्या त्यांच्या लेखात सामना घडत असे, नंतरच्या लेखात बऱ्याचदा सामन्याबद्दलचा उमाळा असे. माणसांवरच्या लेखनाला मात्र उतार लागला नाही. एखादा जुना खेळाडू गेल्यावर, एखाद्या विस्मृतीत गेलेल्या रणजीपटूवर, मुंबईच्या मैदानातल्या एखाद्या वल्लीवर त्यांनी जे लिहिलं, त्यात वयानं आलेलं शहाणपण होतं आणि तरुणपणीचा उत्साहही शाबूत होता. तिथे कॅमेरा त्यांच्याशी स्पर्धा करू शकत नव्हता. ज्या माणसाबरोबर लेखक स्वतः चार संध्याकाळी बसला आहे, त्याचं चित्र कुठल्याही वाहिनीकडे नसतं. कणेकरांबाबतही थोड्याफार फरकानं हेच म्हणता येईल. करमरकरांच्या लेखनाला हा प्रश्न फारसा लागूच होत नाही, कारण त्यांनी झगमगाटावर कधी भिस्त ठेवली नव्हती. माहिती आणि परखडपणा यांना टीव्हीनं धक्का लावला नाही.

नव्या पिढीच्या लेखकांनी यातून काय उचलावं, हे त्यांचं त्यांनी ठरवावं. सुनंदन लेले यांच्यासारखे वर्तमानपत्रातून आलेले पत्रकार आज यूट्यूबवरही सामन्याचं विश्लेषण करतात आणि भायंदर लोकलमधला तरुण ते कानात इअरफोन घालून ऐकतो. याच पश्चिम रेल्वेवर पालघरहून शार्दूल ठाकूर आणि विरारहून पृथ्वी शॉ किट बॅग सांभाळत मुंबईच्या मैदानांवर जात-येत मोठे झाले. त्यांच्या त्या प्रवासावर मराठीत जितकं निवांत लिहायला हवं होतं, तितकं लिहिलं गेलेलं नाही. आयपीएलमधल्या बोलीचा आकडा सगळ्यांनी छापला. पहाटेच्या गाडीत डोक्यावर किट बॅग घेऊन उभा राहणारा पोरगा मात्र थोड्यांनीच पाहिला. जागा आहे, विषय आहे, लिहिणारा हवा.

आणि वाचकाला एक विनंती. "पूर्वीसारखं लिहीत नाहीत" असं म्हणण्याआधी पूर्वीचं लेखन एकदा काढून वाचावं. अडचण अशी की ते सहजासहजी मिळत नाही. पुस्तकांत आलेलं टिकलं, पण 'एकच षटकार'चे जुने अंक आणि दैनिकांतली कितीतरी सदरं कुठेच धडपणे जपलेली नाहीत. गिरगाव किंवा लालबागहून भायंदरला येताना अनेकांनी ही कात्रणं आणि अंकांचे गठ्ठे ट्रंकेत भरून आणले होते. घर रंगवायला काढलं की माळ्यावरचा तो गठ्ठा आधी रद्दीत जातो. तो तसा देऊ नये. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून उभं आहे, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८पासून. मीरा-भायंदरहून दोन्ही ठिकाणं तासा-दीड तासाच्या अंतरावर आहेत. तिथे आधी फोन करून विचारावं आणि घेत असतील तर गठ्ठा त्यांच्या हवाली करावा.